गाडीतली आजी आणि सुटे भाग

आमची गाडी बंद पडून आठ महिने झाले होते, तरी घरात कुणी 'बंद पडली' असं म्हणत नव्हतं. 'सध्या चालत नाही' असं म्हणायचो. निवृत्त माणसाच्या घरात शब्द जपून वापरावे लागतात. आज गाडीला म्हणाल, उद्या तुम्हाला म्हणतील.

गाडी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि नेमकी तीच जागा माझ्या बायकोला हवी होती. लामदुआननं एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. तिच्या हाताला चव आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिनं रांधलेलं खाणारे सगळे पथ्यावर. मीठ नाही, तिखट नाही, नारळ नाही. खाऊन बरे झालेले डॉक्टरांचं नाव घेत आणि बरे न झालेले काहीच म्हणत नसत. एकतीस वर्षांनी ती घरी आली, बाजारातून अठ्ठावीस खळग्यांचं एक बिडाचं पात्र उचलून आणलं आणि जाहीर केलं की ती शेडमध्ये खनोम-ख्रोक विकणार. म्हणजे तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे आप्पे. वरून कांद्याची पात, कडा कुरकुरीत, पोट मऊ.

शेडच्या बरोबर समोर शाळेचं फाटक आहे. मी त्याच शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या फाटकाकडे कधी धंद्याच्या नजरेनं पाहिलं नाही. लामदुआननं एका नजरेत पाहिलं. शाळा सतरा तारखेला, सोमवारी उघडणार. पहिल्या आठवड्यात पोरांच्या जिभा ज्या दिशेला वळतात, त्या वर्षभर तिकडेच राहतात. विहाराच्या मोठ्या भिक्खूंनी तिला मुहूर्त काढून दिला होता : गुरुवार, वीस तारीख, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. तो चुकला तर पुढचा थेट पावसाळ्याचे तीन महिने सरल्यावर.

"गुरुवार," ती म्हणाली. "माझं पात्र जिथं ठेवायचं तिथं तुमची गाडी आहे."

चालत होती तेव्हा गाडी 'आपली' होती.

आता काढायची तर कशी काढायची? यावर गल्लीत तातडीनं दोन पक्ष पडले. उजवीकडचे शेजारी चामनोंग रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले. जगातली प्रत्येक वस्तू शेवटी वजन असते असं त्यांचं मत आहे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी वाजवली आणि म्हणाले, "भंगारात द्या. लोखंड ते लोखंड. काट्यावर चढवा आणि विसरून जा."

डावीकडच्या सामनियेंगताई रोपांना पाणी घालण्याच्या निमित्तानं दिवसातले सहा तास कुंपणाशी असतात. त्या म्हणाल्या, "अगं बाई, भंगारात? चांगल्या घरची गाडी! सुटी सुटी करून विका, मास्तर. दारं वेगळी, सीटा वेगळ्या. अख्ख्या कोंबडीपेक्षा तुकड्यांना जास्त येतात की नाही?"

"ती कोंबडी आहे का?" चामनोंग म्हणाले.

"तुम्ही आयुष्यभर पोती मोजलीत. तुम्हाला कोंबडीतलं काय कळतंय?"

मी तुकड्यांच्या बाजूनं झुकलो. माणसाला आपल्या वस्तूची किंमत वजनावर ठरलेली आवडत नाही. मला तर डॉक्टरांनी माझीही तशी ठरवलेली आवडली नव्हती. म्हणून मी बस पकडून हेंगशेठच्या वखारीत गेलो. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची अख्खी पेठ आहे तिथं, पण हेंगशेठची वखार पाहिली आणि मी दारातच थांबलो. छतापर्यंत इंजिनं रचलेली. दारं पुस्तकांसारखी उभी, सालवार लावलेली. आरशांची एक भिंत, आणि त्या भिंतीत साडेतीनशे विरोज मास्तर, म्हणजे मीच, प्रत्येकाचं तोंड उघडं. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "बावीस वर्षांपूर्वीच्या निळ्या पिकअपची डावी काच," आणि हेंगशेठनं वर न बघता तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. काच तिथं होती. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षांत एक नकाशा पहिल्या फटक्यात काढू शकलो नाही.

हेंगशेठ वाळक्या मिरचीएवढा माणूस. माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बुधवारी सकाळी येतो. दुपारपर्यंत शेड मोकळी. सांगाडा भंगारात, बाकीचं माझ्याकडे. फक्त त्याआधी सरकारदरबारी गाडीची नोंद रद्द करून घ्या. आणि आजीला सांगून ठेवा."

ती गोष्ट मी पार विसरलो होतो. आजी! प्रत्येक गाडीत तिची राखणदार देवता, यानांग आजी, असते. नावेत असते तशीच. तिच्याच राखणीनं आपण घाटातून जिवंत परत येतो. लामदुआन एकोणतीस वर्षं रोज सकाळी आरशाखाली जुईची माळ बांधत होती, बंद पडल्यावरही. मी घरी येऊन आजीचा विषय काढला मात्र, आणि तो संध्याकाळपर्यंत गल्लीचा झाला.

"भंगारात गेली तर आजी भट्टीत जाईल," सामनियेंगताई म्हणाल्या. "पाप तुमच्या डोक्यावर."

"आणि तुकडे केले तर?" चामनोंग म्हणाले. "आजी कुठल्या तुकड्याबरोबर जाणार? आधी ते सांगा."

हा प्रश्न मालधक्क्यावरच्या माणसाला सुचावा याचं मला आश्चर्य वाटलं. पण प्रश्न बिनतोड होता. ताई म्हणाल्या, आजी पुढच्या डाव्या सीटवर असते, कारण बाईमाणूस तिथंच बसतं. चामनोंग म्हणाले, काम जिथं होतं तिथं, म्हणजे गिअरच्या दांड्यात. कुणी म्हणालं स्टिअरिंग, कुणी हॉर्न. हॉर्नला ताईंनी हरकत घेतली : "आमच्या आजीचा आवाज असा नव्हता." लामदुआन पिठासाठी तांदूळ भिजत घालत होती. ती म्हणाली, "कुठंही असू दे. गुरुवारपर्यंत मोकळी झाली पाहिजे."

शुक्रवारी मी गाडीच्या नोंदणीचं पुस्तक आणि फोटो घेऊन वाहतूक कार्यालयात गेलो. खिडकीत माझा जुना विद्यार्थी थावोर्न बसला होता. त्यानं उठून हात जोडले, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज परत दिला.

"मास्तर, पुस्तकात गाडी पांढरी आहे."

"पांढरीच आहे."

"फोटोत मागच्या काचेवर लिहिलंय, 'ही गाडी हिरवी आहे.'"

आता हे काही मला समजावून सांगायला नको होतं आणि त्यालाही. गाडी घेतली तेव्हा ज्योतिषानं सांगितलं होतं की पांढरा रंग मला लाभणार नाही, हिरवा घ्या. हिरवी गाडी मिळत नव्हती, म्हणून सगळे करतात तेच मी केलं : पांढरी घेतली आणि मागे तशी पट्टी चिकटवली. ग्रह लांबून बघतात. त्यांना लेखी पुरतं.

"अरे, ती पट्टी आहे," मी म्हणालो.

"लेखी आहे ना, मास्तर? तुम्हीच शिकवलंत, तोंडी उत्तराला मार्क नाहीत." त्यानं आवाज खाली आणला. "सरकारला तुम्ही पांढरी सांगितली, वरच्यांना हिरवी. पांढरी मी रद्द करीन. पण मग हिरवी कुणाच्या नावावर राहणार?"

मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. सापडली नाही. आयुष्यभर लोकांची थट्टा केलेल्या माणसाला तिची अनुपस्थिती लगेच कळते. तो खरोखरच माझ्या काळजीत होता. थोड्या वेळानं त्याला मार्ग सुचला. "चासीचा नंबर कागदावर उमटवून आणा, मास्तर. नंबरला रंग नसतो."

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे असं गल्ली मानते. मी फक्त घामोळ्यांच्या पावडरीला जबाबदार आहे.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. चासीचा नंबर आतल्या पत्र्यावर कोरलेला असतो; आमच्या पत्र्यावर फक्त गंज होता. पुसला, घासला, काही दिसेना. तेव्हा मला शाळेतली युक्ती आठवली. जुन्या पितळी होकायंत्रावरची अक्षरं आम्ही खडूची पूड चोळून वाचत असू. खडू नव्हता, म्हणून लामदुआनच्या घामोळ्यांच्या पावडरीचा डबा आणला, कंबरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरलो आणि पत्र्यावर पावडर चोळू लागलो. हळूहळू, खोल पाण्यातून मासा वर यावा तसे, पांढरे आकडे वर येऊ लागले. मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, "दिसला! शेवटी चार... सात!"

मागे पाण्याची नळी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

तुम्ही सामनियेंगताईंच्या जागी उभे राहून बघा. महिन्याची पंधरा तारीख. सोळाला सरकारी लॉटरीची सोडत. आणि शेजारचा निवृत्त मास्तर, ज्याच्या गाडीतली आजी जायच्या वाटेवर आहे, तो त्या गाडीच्या पोटात शिरून पावडर चोळतोय आणि आकडे ओरडतोय. झाडाच्या बुंध्यावर, केळीच्या वेड्यावाकड्या कोक्यावर, देवळातल्या खांबावर लोक लॉटरीचा आकडा दिसावा म्हणून पावडर चोळतात, तेच. अर्थ एकच होतो.

"मास्तर," ताई कुंपणावरून अर्ध्या आत येऊन कुजबुजल्या, "शेवटचे दोनच सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"अहो, तो चासीचा नंबर आहे!"

"तेच म्हणते मी. आजीनं चासीतून दिला."

"तो कारखान्यात कोरलाय! एकोणतीस वर्षांपूर्वी!"

ताईंचे डोळे भरून आले. "एकोणतीस वर्षं सांभाळून ठेवला हो तिनं. जाताना दिला."

त्यांनी कुणाला सांगितलं नाही हे खरं असावं, कारण त्यांना वेळच मिळाला नसेल. दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या लॉटरीवाल्याकडे सत्तेचाळीस संपला होता.

रविवारी दुपारी मी पडवीत बसून, सकाळी पत्र्यावरून कागदावर उमटवलेला नंबर पेन्सिलीनं गिरवत होतो. गल्लीत सगळीकडे रेडिओ लागले होते. निवेदिका शेवटचे दोन आकडे सांगते त्या आधी एक छोटा थांबा घेते. चार, म्हणाली. मग सात.

आधी काहीच झालं नाही. मग नऊ घरांतून एकदम जो आवाज उठला, तसा मी फक्त एकदा ऐकलाय, धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा. मी शिकलेला माणूस आहे, भूकंप कशानं होतात ते मी पोरांना पाठ करायला लावलंय. पण त्या क्षणी शेडमधल्या त्या पांढऱ्या, सरकारदरबारी पांढऱ्या, गाडीकडे बघताना माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

चामनोंग कुंपणाशी आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून लॉटरीच्या तिकिटाचं टोक डोकावत होतं. त्यांनी ते आत ढकललं.

"तुम्ही घेतलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"मी या गोष्टी मानत नाही."

"मीही मानत नाही," ते म्हणाले. "म्हणून एकच घेतलं."

सोमवारी शाळा उघडली, पण पोरं फाटकाऐवजी आमच्या शेडमध्ये आली, त्यांच्या आयांबरोबर. दुपारपर्यंत गाडीला सात रंगांचे सात शेले गुंडाळले होते. झेंडूच्या माळांखाली बॉनेट दिसेनासं झालं. लाल सरबताच्या बाटल्या, प्रत्येकीत एक नळी खोचून, चाकापासून रस्त्यापर्यंत रांगेनं उभ्या. आजीला इतकं सरबत एका वेळी कुणी दिलं नसेल. मला तिच्या साखरेची चिंता वाटली. पलीकडच्या तालुक्यातून एक टेम्पो आला, त्यातून पाच बायका उतरल्या आणि नवस फेडायला गाडीपुढे नाचल्या. अंगावर पावडर, हातात पावडर, हवेत पावडर. एकानं सायलेन्सरच्या नळीला डोळा लावून एकाहत्तर वाचला. मी घरातून बाहेर पडायला गेलो तर स्वयंसेवकानं मला विचारलं, "चपला काढल्यात का, काका?"

स्वयंसेवक होते, कारण समिती झाली होती. सामनियेंगताई चिटणीस, चामनोंग अध्यक्ष. गाडी जागची हलवायची नाही असा ठराव एकमतानं झाला. मी समितीत का नाही असं विचारलं, तेव्हा चामनोंग गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही मालक. मालकाचा हितसंबंध येतो."

"आठवड्यापूर्वी तुम्ही हिला काट्यावर चढवत होतात!"

"तेव्हा माझा अभ्यास कमी होता."

मंगळवारी थावोर्न स्वतः तपासणीला आला. बूट शेडबाहेर काढले. बॉनेटशी गेला, नंबर बघितला, एकदा अर्जावर लिहिला आणि एकदा तळहातावर. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, रागावू नका. मी हिच्यासमोर रद्दचा शिक्का नाही मारणार. मला दोन लहान मुलं आहेत. आधी आजीचा होकार आणा. पुढचं सरकार बघेल."

मी आत आलो. लामदुआन पलंगावर बसली होती आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते बिडाचं पात्र होतं. बाहेर ढोलकी वाजत होती. ती दोन दिवसांत कुणाला एक शब्द वाकडा बोलली नव्हती. उलट नाचून दमलेल्या बायकांना पाणी दिलं होतं.

"एक चाळीस माणसं तरी आहेत," मी उगाच म्हणालो.

"एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेळेवर रांधलं," ती म्हणाली. "सहा वाजता पेज, अकरा वाजता भात. सोमवार असो, सण असो. ही एक तारीख माझी होती." आणि पात्रावरचा कागद नीट करत राहिली.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ती चिडते तेव्हा काय करायचं ते मला येतं : मी विहिरीवर जाऊन बसतो. ती चिडत नाही तेव्हा काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी उगाच तिच्या शेजारी बसून राहिलो, आणि पात्राचं एक टोक धरलं. ते चांगलंच जड होतं.

बुधवारी सकाळी सातला हेंगशेठ ट्रक घेऊन आला. पाने, जॅक, साखळी उतरवली, वळला आणि शेड बघितली. त्यानं पाना खाली ठेवला आणि चपला काढल्या.

"मास्तर," तो म्हणाला, "मी पस्तीस वर्षं गाड्या खोलतोय. हार घातलेली गाडी मी खोलत नाही."

"हात लावून तर बघा!" मागून सामनियेंगताई कडाडल्या. समिती जमली होती. पाठोपाठ अख्खी गल्ली. थावोर्नही होता, रजा टाकून.

"विचारल्याशिवाय लावत नाही, ताई," हेंगशेठ शांतपणे म्हणाला आणि त्यानं खिशातून लाल रंगाचे, झिजून गुळगुळीत झालेले लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे काढले. त्याच्या आजोबांचे. खोलण्याआधी प्रत्येक गाडीला तो हे टाकून विचारतो. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, नकार. दोन्ही उताणे पडले तर आजी हसतेय, प्रश्नच चुकलाय. "आणि मोठ्या कामाला होकार तीनदा लागतो. ओळीनं."

मालक म्हणून पहिला मान माझा. मी शाळेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाला केलं होतं तशा थाटाचं भाषण केलं. आजीच्या सेवेचा आढावा घेतला, दोन घाट आणि एका पुराचा उल्लेख केला, आणि शेवटी विचारलं की भंगार आणि सुटे भाग या दोन पर्यायांपैकी सुट्या भागांना तिची संमती आहे काय. तुकडे टाकले. दोन्ही उताणे.

"हसतेय," हेंगशेठ म्हणाला.

मागे कुणीतरी आणखीही हसलं. चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला ते कोण होतं ते न वळता कळतं. थावोर्न.

चामनोंग पुढे झाले. अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "आजी, याच शेडमध्ये, भक्तांच्या सहवासात, कायमचं राहायची तुमची इच्छा आहे ना?" तुकडे पडले. दोन्ही पालथे. लोकांत कुजबुज झाली. चामनोंगांनी वाकून तुकडे मोजले, जणू तिसरा कुठं तरी असेल.

मग लामदुआन आली. हाताला पीठ होतं, ते तिनं लुंगीला पुसलं. माळ आणली नव्हती, उदबत्ती आणली नव्हती. गाडीच्या दाराशी नेहमी उभी राहायची तशी उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली, "हे सगळे तुमच्याकडे आकडे मागतायत. माझ्या नवऱ्याला होकार हवाय. मला जागा हवी होती, पण ते मी आज विचारत नाही. एवढंच विचारते." ती थांबली. "दमलात का हो?"

तुकडे पडले. एक उताणा, एक पालथा.

तिनं ते उचलले, पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा. शाळेची घंटा झाली, पण एकही पोर हललं नाही. तिनं तिसऱ्यांदा टाकले. एक तुकडा लगेच पालथा पडला. दुसरा काठावर फिरत राहिला, फिरत राहिला, चाकाला टेकला आणि हळूच, अंग टाकावं तसा, उताणा झाला.

मी भूगोलाचा माणूस, शक्यतांचं गणित मला येत नाही. ज्यांना आकड्यांतलं कळतं ते चामनोंग हात जोडून उभे होते. सामनियेंगताई बाहीनं डोळे पुसत होत्या. "एकोणतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही अजून नाचायला लावत होतो तिला." चिटणिसांनीच पहिला शेला सोडला. पाठोपाठ सगळे पुढे झाले. माळा उतरल्या, बाटल्या उचलल्या गेल्या, आणि ढोलकीवाला ढोलकी उलटी धरून निघून गेला.

मग हेंगशेठनं गाडी खोलली. मी खुर्ची घेऊन बसलो होतो, पाच मिनिटांनी उठून उभा राहिलो; बसून बघण्यासारखं ते नव्हतं. तो पपनस सोलावं तशी गाडी सोलत होता. कुठला बोल्ट गंजलाय ते हाताला कळत होतं. तिथं तो जोर करत नव्हता, पान्यानं दोनदा हलकेच ठोकायचा, थांबायचा आणि मग बोल्ट आपणहून फिरल्यासारखा फिरायचा. दारं निघाली तेव्हा चर्र असा आवाजही आला नाही. इंजिन साखळीवर वर चढलं आणि सकाळच्या उन्हात हळूहळू फिरलं, काळं, तेलकट, अवाढव्य. याच्या जिवावर मी बायकोला बाळंतपणाला माहेरी नेलं होतं, आणि त्याचा चेहरा मी आज पहिल्यांदा बघत होतो.

"मग आजी कुठल्या भागात असते?" मी त्याला हळूच विचारलं. "तुम्ही तर सगळे भाग बघितलेत."

"मला कुठल्याच भागात सापडली नाही, मास्तर," तो म्हणाला. "पण जो भाग नेतो, तो म्हणतो माझ्याकडे आली. पस्तीस वर्षांत एकही माणूस परत येऊन म्हणाला नाही की आली नाही."

वखारीत फारसं काही गेलंच नाही. पुढची डावी सीट सामनियेंगताईंच्या ओसरीवर गेली. तिच्यावर कुणी बसत नाही. गिअरचा दांडा चामनोंगांनी घेतला, अभ्यासासाठी. इंजिन हेंगशेठनं नेलं, सांगाडा काट्यावर चढला, आणि चामनोंगांनी मान फिरवली. चासीचा नंबर असलेला पत्रा नियमानं सरकारजमा करायचा असतो. थावोर्ननं तिथल्या तिथं शिक्का मारला आणि तो पत्रा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून घेऊन गेला. मागच्या काचेचं काय करायचं ते मात्र कुणी विचारलं नाही. काच पांढरीही नव्हती आणि हिरवीही नव्हती.

दुपारी एकला शेड मोकळी झाली. लामदुआननं ती तीनदा धुतली.

गुरुवारी नऊ वाजून नऊ मिनिटांनी तिनं पात्राखाली कोळसा फुंकला. मधली सुट्टी दहाला. तोवर गल्ली जमली होती. दहाला फाटक उघडलं आणि पोरांचा लोंढा आला. मी एका बाजूला उभा होतो, लागलं तर मदत करावी म्हणून.

मदत लागली नाही. मी एकतीस वर्षं तिला इस्पितळाच्या दारात सोडायला गेलो आणि संध्याकाळी आणायला गेलो, पण काम करताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. डाव्या हातातल्या किटलीतून पातळ पीठ अठ्ठावीस खळग्यांत एका धारेत पडलं, एक थेंब काठावर नाही. उजव्या हातानं नारळाचं दूध, चिमूटभर पात, झाकण. झाकण उघडायची वेळ ती घड्याळाकडे न बघता ओळखत होती, वासावरून की आवाजावरून ते मला कळलं नाही. चपटा चमचा खळग्याच्या कडेनं फिरायचा आणि आप्पा उसळून तिच्या तळहातावरच्या केळीच्या पानात पडायचा. दोन अर्धे जोडून एक अख्खा, पुन्हा दोन, पुन्हा दोन. पन्नास पोरं ओरडत होती आणि ती एकाही पोराला विसरत नव्हती : "तू पात नको म्हणालास, हे घे. तुझे चार झाले, थांब. ए, ढकलू नकोस, तिचा नंबर आहे." पहिल्या पोरानं तोंडात टाकला, पोळला, डोळे मिटले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

मीही रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा ती वाकून कोळसा सारत होती. वर बघितलं, तर मी पुढे उभा होतो. तिच्या कपाळावर घाम होता, केसांना पीठ लागलं होतं, आणि पात्रातून वाफ येत होती. माझे हात आपोआप जुळले आणि कपाळापर्यंत गेले.

लामदुआन द्रोण पुढे करून तशीच थांबली.

"हात जोडून उभे राहिलात," ती म्हणाली, "तर हे धरणार कशात? लवकर घ्या. मागे पोरं खोळंबलीत."